एटीन व्हीलर: ट्रकचा आर्केड खेळ आणि त्याची घरची आवृत्ती – वारंवार विचारले जाणारे प्रश्न

सेगा या जपानी गेम कंपनीच्या या खेळाबद्दल मला सतत तेच ते प्रश्न येतात. कोणी जुना ड्रीमकास्ट, म्हणजे टीव्हीला जोडायचा सेगाचा कन्सोल, विकत घेतलेला असतो, कोणाला लहानपणी गेम पार्लरमध्ये पाहिलेलं ते भलंमोठं स्टेअरिंग आठवत असतं, तर कोणाला नुसतं नाव ऐकून कुतूहल वाटलेलं असतं. त्या सगळ्यांसाठी हे पान. हा खेळ मला मनापासून आवडतो, त्यामुळे काही उत्तरं लांबली आहेत.

हा नेमका कोणता खेळ?

पूर्ण नाव ‘एटीन व्हीलर: अमेरिकन प्रो ट्रकर’. सेगाच्या एएम२ या विभागाने तो केला आणि १९९९ मध्ये तो आर्केडसाठी, म्हणजे गेम पार्लरमधल्या यंत्रांसाठी, तयार झाला. १९८६ चा ‘आउटरन’ आणि नंतरचा ‘डेटोना यूएसए’ हे गाड्यांचे खेळ याच विभागाचे. गाडी हातात कशी यायला हवी हे या मंडळींना पक्कं ठाऊक होतं. फरक इतकाच, की इथे हातात फेरारी किंवा स्टॉक कार नसून मालाने भरलेला ट्रेलर आहे. पुढे तो ड्रीमकास्ट, प्लेस्टेशन २ आणि गेमक्यूब या घरच्या कन्सोलांवरही आला.

यात करायचं काय असतं?

माल वेळेत पोचवायचा. घड्याळ उलटं चालू असतं आणि अमेरिकेच्या महामार्गांवरून पूर्वेकडून पश्चिमेकडे टप्प्याटप्प्याने जायचं असतं. रस्त्यावर इतर गाड्या असतात, वळणं असतात, आणि लिझार्ड टेल नावाचा एक प्रतिस्पर्धी ट्रकवालाही असतो. तो कट मारतो, आडवा येतो. एका टप्प्यात मोकळ्या मैदानी मुलखात चक्क टोर्नेडो येतो.

हॉर्न दाबला की पुढच्या गाड्या बाजूला सरकतात. हॉर्न इथे शोभेला नाही, रस्ता मोकळा करायचं ते हत्यारच आहे. मोठ्या वाहनाच्या अगदी मागे काही क्षण राहिलं तर त्याने कापलेल्या हवेचा फायदा मिळून आपला वेग वाढतो. काही ठरावीक व्हॅन असतात, त्यांना धडक दिली की घड्याळात ३ सेकंद जमा होतात. टप्पा संपला की पुढचा माल निवडायचा: सोपा घेतला तर भाडं कमी, ओढायला जड घेतला तर भाडं जास्त. मला हा खेळातला सगळ्यात चांगला निर्णय वाटतो. भाड्याच्या हिशोबावर उभा असलेला रेसिंग गेम मी तरी दुसरा पाहिलेला नाही.

नावातली अठरा चाकं कुठली?

पुढच्या, स्टेअरिंगच्या ॲक्सलवर २. त्यामागे इंजिनाची ताकद जिथे जाते ते दोन ॲक्सल, प्रत्येकावर दोन्ही बाजूंना डबल टायर, म्हणजे ८. ट्रेलरखाली आणखी दोन ॲक्सल, तेही डबल टायरचे, म्हणजे पुन्हा ८. एकूण १८. अमेरिकेत अशा गाडीचं मालासकट वजन आंतरराज्य महामार्गांवर साधारणपणे ८०,००० पौंडांपर्यंत, म्हणजे ३६ टनांच्या आसपास चालतं.

आपल्याकडेही अठरा टायरचे ट्रेलर धावतात, पण हिशोब निराळा असतो. ट्रेलर ओढणाऱ्या पुढच्या भागाला आपले ड्रायव्हर ‘घोडा’ म्हणतात. घोडा सहा टायरचा आणि मागे तीन ॲक्सलचा, बारा टायरचा ट्रेलर. बेरीज तीच, पण वजन वेगळ्या जागी पडतं. उरणच्या रस्त्यावर कंटेनरची रांग लागलेली असेल तेव्हा मोजून बघा.

खेळातल्या ट्रकना एवढं लांब नाक का? आपले तर सपाट तोंडाचे असतात.

याचं उत्तर कायद्यात आहे. अमेरिकेत पूर्वी बऱ्याच राज्यांत घोडा आणि ट्रेलर मिळून एकूण लांबीवर मर्यादा होती. इंजिनवर बसलेली सपाट केबिन घेतली की घोडा आखूड व्हायचा आणि वाचलेले फूट मालाला मिळायचे. १९८२ च्या केंद्रीय कायद्याने राष्ट्रीय महामार्गांच्या जाळ्यावर एकूण लांबीची ती अट काढली आणि मर्यादा फक्त ट्रेलरपुरती ठेवली. मग नाक आखूड ठेवायचं कारणच उरलं नाही. लांब नाकाच्या गाडीत इंजिनापर्यंत हात सहज पोचतो आणि ड्रायव्हरला हादरे कमी बसतात, म्हणून तीच पद्धत रूढ झाली. जपान, युरोप आणि आपल्याकडे वळणं अरुंद आणि लांबीचे नियम वेगळे, म्हणून सपाट तोंड टिकलं.

एएम२ची मंडळी जपानी होती. त्यांच्या रस्त्यांवर असे नाकाडे ट्रक फारसे दिसत नाहीत. त्या ट्रकांबद्दलचं दुरून वाटणारं आकर्षण खेळभर जाणवतं. क्रोमची चमक, टोपीवाला ड्रायव्हर, मोकळं आभाळ, सगळं थोडं मोठं करून दाखवलंय. आणि मग त्यांनी आपल्या मातीतलाही एक ट्रक त्यात ठेवला, निप्पॉन मारू. जपानमध्ये ट्रक दिव्यांनी आणि चित्रांनी मढवायची ‘डेकोतोरा’ नावाची परंपरा आहे, हा ट्रक त्या घराण्यातला. आपल्याकडे फाळक्यावर मोर, कमळ आणि मुलांची नावं रंगवून घेणाऱ्या माणसाला तो लगेच ओळखीचा वाटेल.

आर्केडमधलं कॅबिनेट, म्हणजे खेळाचं यंत्र, कसं होतं?

तीन प्रकारांत आलं: डिलक्स, स्टँडर्ड आणि उभं. डिलक्सचा थाट ट्रकच्या केबिनचा. चढून बसायचं, समोर मोठा पडदा आणि हातात खऱ्या ट्रकच्या मापाकडे झुकणारं रुंद स्टेअरिंग. गियर मोजकेच: लो, हाय आणि रिव्हर्स.

ते स्टेअरिंग म्हणजे या खेळाचा आत्मा आहे असं माझं ठाम मत आहे. कारच्या खेळात मनगट हलवलं की पुरतं. इथे हात खांद्यातून फिरवावे लागतात. परदेशात एका पार्लरमध्ये मी पहिल्यांदा त्यावर बसलो तेव्हा पहिल्याच वळणाला डावा हात उजव्यावरून कधी गेला ते मला कळलंसुद्धा नाही. अगदी एसटीचा ड्रायव्हर घाटात करतो तसं. ट्रक मात्र लगेच वळला नाही. आधी नाक वळलं, मग क्षणभराने मागचा ट्रेलर खेचला गेला आणि मध्येच एका गाडीला घासला. त्या क्षणभराच्या उशिरातच हा खेळ आहे.

ड्रीमकास्टवर तो ‘हुबेहूब’ आला म्हणतात. खरं आहे का?

चित्राच्या बाबतीत जवळजवळ खरं. आर्केडचा खेळ सेगाच्या नाओमी बोर्डवर, म्हणजे आर्केड यंत्राच्या आतल्या संगणकावर, चालायचा, आणि नाओमी व ड्रीमकास्ट ही सख्खी भावंडं. दोघांत हिताचीचा एसएच-४ प्रोसेसर, २०० मेगाहर्ट्झचा. दोघांत पॉवरव्हीआर२ ग्राफिक्स चिप. आवाजासाठी दोघांत यामाहाचीच चिप. फरक मेमरीत: नाओमीवर मुख्य मेमरी ३२ एमबी, ड्रीमकास्टवर १६. चित्रांसाठी तिकडे १६ एमबी, इकडे ८. शिवाय नाओमीचा हा खेळ कार्ट्रिजवर होता, तर ड्रीमकास्टचा सुमारे १ जीबीच्या जीडी-रॉम डिस्कवर, म्हणून घरी मध्येमध्ये लोडिंगला थांबावं लागतं.

एकाच घडणीचं यंत्र असल्यामुळे खेळ नव्याने रचावा लागला नाही, थोडं सामान कमी करून तोच घरात आणता आला. त्या काळात आर्केडचा खेळ घरी आला की ओळखू येऊ नये इतका फिका व्हायचा. ज्यांनी ते दिवस पाहिलेत त्यांना या गोष्टीची किंमत कळेल.

मग घरी आणताना हरवलं काय?

स्टेअरिंग, बैठक, उंची. घरी अंगठ्याखाली एक छोटी काडी असते. ती जरा हलवली की ३६ टनांची गाडी वळते, आणि शरीराला वजन कळतच नाही. कन्सोलच्या आवृत्तीवर जी नाराजी झाली तिचं मूळ मला इथे दिसतं. खेळ तोच होता. हातात धरायची वस्तू बदलली होती.

ड्रीमकास्टच्या कंट्रोलरने थोडी भरपाई केली. त्याचे मागचे दोन ट्रिगर किती दाबले हे ओळखतात, त्यामुळे ॲक्सिलरेटर अर्धाच द्यायचा किंवा ब्रेक हळूहळू दाबायचा हे जमतं. जड माल घेऊन वळणाला येताना ते फार उपयोगी पडतं.

आणि मिळालं काय?

दोघांनी पडदा वाटून खेळायची सोय, गुणांसाठी एकेक टप्पा खेळायची सोय, आणि पार्किंग.

पार्किंगबद्दल जरा सविस्तर सांगतो. ठरावीक वेळेत आखलेल्या जागेत ट्रक लावायचा, एवढंच. गाडी चालवता येत असेल तर सोपं वाटतं. पण ट्रेलर मागे घ्यायला लागलात की सगळं उलटं होतं. ट्रेलरची शेपूट डावीकडे न्यायची तर स्टेअरिंग आधी उजवीकडे द्यावं लागतं. शेपूट वळायला लागली की लगेच स्टेअरिंग डावीकडे आणून घोड्याने तिचा पाठलाग करायचा. उशीर झाला तर घोडा आणि ट्रेलर मध्येच कात्रीसारखे दुमडतात. मग पुढे घेऊन पुन्हा सुरुवात.

माझा मामा न्हावा शेवाहून पुण्याला कंटेनर ओढायचा. एका दिवाळीत तो घरी आला तेव्हा मी हेच पार्किंग करत बसलो होतो आणि चौथ्यांदा ट्रेलर दुमडला होता. तो मागून बघत होता. म्हणाला, “अरे, पडद्याकडे काय बघतोस? ट्रेलरच्या मागच्या टायरकडे बघ. टायर जातो तिकडे गाडी जाते.” कंट्रोलर त्याने आयुष्यात पहिल्यांदा हातात घेतला. कुठलं बटण कशाचं हे समजायला दोन प्रयत्न गेले. तिसऱ्यांदा त्याने रिव्हर्स टाकला, काडी अगदी थोडी उजवीकडे धरली, ट्रेलर हलला तशी सावकाश उलट नेली आणि गाडी खाचेत सरळ बसवली. मग म्हणाला, “ब्रेक जरा लवकर लागतो रे. बाकी बरोबर आहे.”

जो माणूस पंचवीस वर्षं ट्रेलर लावत आलाय त्याला एका व्हिडिओ गेममधला ट्रेलर ‘बरोबर’ वाटला, याहून मोठी पावती मला माहीत नाही. तेव्हापासून मी सगळ्यांना सांगतो, घरची आवृत्ती घेतलीत तर आधी पार्किंग खेळा. कॅबिनेटवर हातांना जे वजन कळायचं ते इथे डोक्याला कळतं.

कन्सोल बंद झाल्यावर खेळ का आला?

तारखा बघितल्या की वाईट वाटतं. ड्रीमकास्ट जपानमध्ये नोव्हेंबर १९९८ मध्ये आला, अमेरिकेत ९ सप्टेंबर १९९९ ला. ३१ जानेवारी २००१ रोजी सेगाने जाहीर केलं की मार्चअखेर उत्पादन थांबेल आणि कंपनी यापुढे इतरांच्या कन्सोलांसाठी खेळ करील. अमेरिकेत या खेळाची ड्रीमकास्ट आवृत्ती आली ती त्यानंतर, २००१ च्या मे महिन्यात. ज्या घरी पाहुणा म्हणून आला त्या घराला तोवर कुलूप लागलं होतं. त्यामुळे ज्यांच्यापर्यंत तो पोचायला हवा होता त्यांच्यातल्या अनेकांपर्यंत पोचलाच नाही.

प्लेस्टेशन २ किंवा गेमक्यूबवरचा घेतला तर चालेल?

चालेल. दोन्ही ॲक्लेम या कंपनीने बाजारात आणले, आधी प्लेस्टेशन २ वर आणि मग गेमक्यूबवर. ॲक्लेम २००४ मध्ये दिवाळखोरीत निघाली. खेळ मुळात तोच आहे. गेमक्यूबचे ट्रिगरही किती दाबले ते ओळखतात, आणि त्याची डिस्क निन्टेन्डोच्या सुरुवातीच्या वी (Wii) कन्सोलांवरही चालते, ही मोठी सोय. मला विचाराल तर ड्रीमकास्टच घ्या, कारण मूळ बोर्डाचं भावंड तेच. पण घरात प्लेस्टेशन २ पडून असेल तर केवळ या खेळासाठी दुसरं यंत्र घ्यायची गरज नाही.

खेळ फार छोटा आहे ही तक्रार खरी का?

खरी आहे. सरावलेला हात मुख्य खेळ एका बैठकीत संपवतो. आर्केडमध्ये ते योग्यच होतं, कारण मागे टोकन घेऊन रांग उभी असते आणि प्रत्येकाला काही मिनिटांत पूर्ण मजा द्यायची असते. घरी पूर्ण किंमत मोजलेल्या माणसाची अपेक्षा वेगळी असते, आणि त्याने केलेली तक्रार मला रास्त वाटते. आज मात्र कोणी पूर्ण किंमत मोजत नाही. छोटा असल्यामुळेच मी तो वर्षातून चार-पाच वेळा काढतो. दिवसभराचं काम झाल्यावर एक ट्रिप मारायची, आणि झोपायचं.

नव्याने खेळतोय. सारखी वेळ संपते. काय चुकतंय?

बहुतेक तुम्ही कार चालवताय. वळणाच्या बरंच आधी ॲक्सिलरेटर सोडा. वळणात ब्रेक मारून वेग पूर्ण गेला तर तो परत यायला फार वेळ लागतो, ट्रकचा वेग हीच खरी पुंजी आहे. चढावर लो गियर घ्या. हॉर्न गाडीच्या अगदी मागे जाऊन नको, लांबूनच द्या, म्हणजे समोरच्याला सरकायला वेळ मिळतो. मोठं वाहन दिसलं की ओव्हरटेकची घाई न करता त्याच्या मागे क्षणभर टिका आणि वेग मिळाला की बाहेर पडा. आणि ३ सेकंदांची व्हॅन भलतीकडे असेल तर तिचा नाद सोडा. तिच्यामागे जाण्यात त्याहून जास्त वेळ जातो. पहिल्या काही ट्रिपा हलका माल घ्या.

भारतात जुना ड्रीमकास्ट मागवताना काय बघायचं?

सगळ्यात आधी व्होल्टेज. जपानी यंत्र १०० व्होल्टचं असतं, अमेरिकन १२० चं, आणि पॉवर सप्लाय यंत्राच्या पोटातच असतो. आपल्या घरातली वीज २३० व्होल्ट. नुसती पिन बदलून लावलं तर सप्लाय जळतो. माझा पहिला ड्रीमकास्ट असाच गेला. विकणाऱ्याने “थेट लावा, चालतं” असं सांगितलं होतं आणि मी खालचं लेबल वाचलं नाही. स्टेप-डाउन ट्रान्सफॉर्मर घ्या, किंवा युरोपातलं यंत्र घ्या, ते आपल्या विजेवर चालतं.

दुसरं, प्रदेश. जपानी यंत्रावर अमेरिकन किंवा युरोपीय डिस्क सरळ चालत नाही. यंत्र आणि डिस्क एकाच प्रदेशाचे घ्या. तिसरं, चित्र. ड्रीमकास्टला व्हीजीए केबल लावता येते आणि त्यातून येणारं चित्र साध्या पिवळ्या पिनच्या केबलपेक्षा कितीतरी स्वच्छ असतं. रस्त्यावर दूरची गाडी लवकर दिसते, आणि या खेळात त्यालाच महत्त्व आहे.

ड्रीमकास्ट दर वेळी तारीख का विचारतो? मेमरी कार्ड का किंचाळतं?

दोन्ही बॅटरीची दुखणी. यंत्राच्या आत घड्याळासाठी एक छोटी चार्ज होणारी बॅटरी असते, ती इतक्या वर्षांत मेलेली असते. मेमरी कार्डात सीआर२०३२ च्या दोन गोल बॅटऱ्या लागतात, त्या संपल्या की यंत्र सुरू होताना कार्ड कर्कश वाजतं. तुमचे विक्रम मात्र सुरक्षित असतात, ते बॅटरीवर अवलंबून नाहीत.

एम्युलेटरवर, म्हणजे संगणकावर जुन्या यंत्राची नक्कल करणाऱ्या प्रोग्रॅमवर, चालतो का?

चालतो. फ्लायकास्ट हा मोफत एम्युलेटर ड्रीमकास्ट आणि नाओमी दोन्ही सांभाळतो. खेळाची प्रत स्वतःच्या डिस्कवरून घ्या. सेगाच्या ‘क्रेझी टॅक्सी’ला पुढच्या कन्सोलांवर पुन्हा जागा मिळाली, तशी याच्या वाट्याला आली नाही, याचं मला वाईट वाटतं. संगणकाला स्टेअरिंग जोडून खेळलात तर हरवलेलं वजन थोडं परत मिळतं. सेटिंगमध्ये स्टेअरिंग जितकं जास्त फिरवावं लागेल तितकं चांगलं.

याचा पुढचा भाग आहे का?

आहे. ‘द किंग ऑफ रूट ६६’, २००२ मध्ये आर्केडला नाओमी २ बोर्डवर, आणि २००३ मध्ये प्लेस्टेशन २ वर. ज्या रस्त्याचं नाव घेतलंय तो १९२६ मध्ये ठरवलेला अमेरिकेतला महामार्ग, शिकागो ते लॉस एंजेलिस आणि नंतर सांता मोनिकापर्यंत वाढवलेला, सुमारे ३,९०० किलोमीटरचा. आंतरराज्य महामार्ग आल्यावर त्याची गरज संपली आणि १९८५ मध्ये तो अधिकृत यादीतून काढला गेला. पुढच्या भागात इतर ट्रकांशी शर्यतीवर जास्त भर आहे. भाड्याचा हिशोब ज्यांना आवडला त्यांना पहिलाच जवळचा वाटेल. मला तसंच वाटतं.

मी ‘युरो ट्रक सिम्युलेटर २’ खेळतो. मला हा आवडेल?

तिथे तुम्ही तासन्‌तास सिग्नल पाळत, डिझेल भरत, विश्रांती घेत जाता. इथे काही मिनिटांत टप्पा संपतो आणि टोर्नेडोही भेटतो. दोन्हींत समान धागा एकच, मागे काहीतरी जड आहे याची सतत जाणीव. ती जाणीव तुम्हाला आवडत असेल तर हो.

लहान मुलांना द्यावा का?

द्या. पार्किंग आधी त्यांना स्वतःच करू द्या. ट्रेलर दुमडला की मागच्या टायरकडे बघायला सांगा.